बोरवाडीच्या तळ्यातली मरळ

लातूर
९ मार्च १९८६

सरजा,

शरणु शरणार्थी. आधी आनंदाची गोष्ट सांगते, रडगाणं मागून.

नोकरी लागली. लातूरलाच, नव्या प्रयोगशाळेत. नवी म्हणजे काय, एका अडत्याचं जुनं घर भाड्यानं घेतलंय. स्वयंपाकघरात आमची टेबलं, देवघरात रसायनांच्या बाटल्या. जिल्हा होऊन चार वर्षं होत आली तरी निम्म्या कागदांवर अजून 'उस्मानाबाद' खोडून 'लातूर' लिहावं लागतं. नळाला पाणी नाही. टँकर आला की आधी काचसामान धुवायचं, उरलं तर तोंड.

काम ऐकून तू हसशील. दुष्काळानं तलाव आटून राहिलेत. शेतात फवारलेली औषधं त्यात उतरतात, ती किती साचलीत ते बघायचं. पाण्यात ती धड सापडत नाहीत, माशाच्या चरबीत साठून राहतात. म्हणून तलावातले मासे आणायचे, त्यातही हौशी लोक गळ टाकून धरतात ते मोठे, आणि कापून, वाटून, त्यांचा अर्क काढून तपासायचा. कापणार कोण? उदगीरच्या गुरुपादप्पांची लेक, जिनं हॉस्टेलात तुझ्या सुकटीच्या डब्यापायी तुझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं होतं!

पहिल्या दिवशी उलटी झाली. आमच्या सिद्धराम सरांनी नुसती खिडकी उघडली. अव्वाला मी 'पाणी तपासते' एवढंच सांगितलंय. घरमालकीण उमाबाई मात्र मी जिना चढले की नाकाला पदर लावतात. निलंग्याचं एक स्थळ चालून आलंय. त्यांना कळलं तर झालंच.

तुझं सांग. सहावा महिना लागला ना? ज्ञानोबा भाऊजी काळजी घेतात की रविवारी अजून तळ्यावरच असतात?

तुझी
शिवकन्या

---

बोरवाडी, ता. भोकर
२१ मार्च १९८६

कन्ये,

जय भीम. तुझं पत्र मी शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावून वाचलं आणि एवढी हसले की पोरं पाढे विसरली. मासा कापणारी शिवकन्या! मला बघायचंय गं.

इकडं काही खरं नाही. विहिरी कोरड्या, हिरवी भाजी बघायला नाही, डाळीला हात लावायची सोय नाही. भोकरच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, रक्त लई कमी आहे, काहीतरी सकस खा. आता सकस म्हणजे तळ्यातला मासा, दुसरं काय? आमचे हे स्टेशनवरची ड्यूटी उरकून सायकलवर घरी येतात आणि गळ उचलतात. ती हौस त्यांना एका जुन्या गार्डानं लावली. मरळीसाठी गळाला बेडूक लावतात आणि तासन्‌तास बसतात. नांदेडहूनही लोक स्कूटरवर येतात, टोप्या-बिप्या घालून. एवढुशा पाण्यात एवढे गळ!

पण यंदा मासा लवकर लागतोय. हे म्हणतात, मरळ पहिल्यासारखी झुंजतच नाही, काठाला येऊन सुस्त पडते, हातानं उचलावी अशी. उन्हाचा तडाखा, पाणी थोडं. जितराबाची तीच गत, माशाची काय असणार!

तळं एवढं मागं सरलंय की मोकळ्या गाळात लोकांनी वांगी, टमाटे लावलेत. गाळपेर म्हणतात त्याला. सगळा गाव रखरखीत आणि तेवढाच तुकडा हिरवागार. डोळे निवतात.

शेजारची कोंडाबाई, मासे धरणाऱ्या भोयाची, रोज मासळीतलं काही ना काही आणून देते. 'दोन जिवांची हायस, खा' म्हणते. पैसे घेत नाही. मी खातेय. बाळ लाथा मारून राहिलंय.

तुझी
सरजा

---

लातूर
२७ मार्च १९८६

सरजा,

तुझं पत्र काल आलं. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून सकाळीच लिहायला बसले.

मासा खाऊ नकोस. मी सांगेपर्यंत त्या तळ्यातलं काहीच खाऊ नकोस. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. गेल्या आठवड्यात आमच्याकडं अहमदपूरकडच्या एका तलावातली मरळ आली होती. ती आणणारा माणूस तेच म्हणाला जे तू लिहिलंस: सुस्त, काठाला येते, हातानं उचलता येते. तिच्यात एंड्रिन निघालं. कापसावर, वांग्यावर फवारतात ते. बारीक मासे ते गिळतात, मरळ बारीक मासे गिळते, म्हणून मरळीत ते साठत जातं. आणि मरळ कोण खातं ते मी तुला वेगळं सांगायला नको.

वांग्यावर कोण काय फवारतं ते बघशील? पंप कुठं धुतात तेही बघ. कुणाला काही विचारू नकोस, नुसतं बघ.

सिद्धराम सरांना मी विचारलं, बोरवाडीचं तळं तपासू या का? ते म्हणाले, "तो जिल्हा नांदेड. आपली यादी लातूरपुरती." मी म्हटलं, सर, माझी मैत्रीण आहे, तिला सहावा महिना आहे. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "रविवारी प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असते."

एक मासा पाठव. प्लॅस्टिकमध्ये नको. स्वच्छ काचेच्या बरणीत घाल, बरणी बर्फात, बर्फ भुश्यात, आणि सगळं एका डब्यात. भोकरहून सकाळी सुटणाऱ्या लातूर गाडीच्या कंडक्टरजवळ दे. मीठ लावू नकोस.

बाळ हलतंय ना नीट? तेवढं लगेच कळव.

शिवकन्या

---

बोरवाडी
९ एप्रिल १९८६

कन्ये,

डबा पाठवलाय. बर्फ आइसकांडीवाल्याकडून घेतला. त्याला वाटलं माहूरला नवस फेडायला काही नेतेय. कंडक्टरला सांगितलं, औषध आहे. खोटं बोलले, पण मासा म्हटलं असतं तर त्यानं घेतला नसता.

बाळ हलतंय. मी खाणं सोडलं. पण कन्ये, हे सोडणं सोपं नाही गं. कोंडाबाईला मी सांगितलं, वास सहन होईना. दोनदा तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा तिनं आमच्या ह्यांना गळाची मरळ घेऊन येताना बघितलं. मीच म्हटलं होतं, बरणीसाठी एक आणा. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "नवऱ्याच्या हातची चालती, माझ्या हातची न्हाई. मास्तरीण झालीस, हाव का? आमचं आता घाण वाटाया लागलं." मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा आमच्या चुलीवरचा चहा पहिल्यांदा तिनं घेतला होता, सगळ्यांदेखत. तिला मी काय सांगू? भोकरच्या बाजारात 'बोरवाडीचा मासा' म्हणून तिची टोपली विकते. मी एक शब्द बोलले आणि तो पसरला, तर त्यांच्या चार घरांत चूल पेटणार नाही. आणि तपासात काहीच निघालं नाही तर?

ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. आधी चिडले. "सगळीकडं फवारतात, मग सगळे मरायला पाहिजेत," म्हणाले. पण रविवारी तळ्यावर गेले नाहीत.

वांग्यावर कोण फवारतं विचारलंस. लोक फवारतात. नाव घेऊन काय उपयोग!

लवकर कळव. झोप लागत नाही.

सरजा

---

लातूर
२२ एप्रिल १९८६

सरजा,

डबा पोचला तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं, पण मासा चालण्यासारखा होता. रविवारी सिद्धराम सरांनी कुलूप उघडून दिलं आणि बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले.

कसं करतो ते सांगते, म्हणजे तुला मी अंदाजानं बोलते असं वाटणार नाही. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर द्यायचा. एका टोकाला माशाचा अर्क टिपक्याएवढा ठेवायचा, शेजारी ओळखीच्या औषधांचे टिपके. पट्टी द्रावणात उभी केली की सगळे टिपके आपापल्या उंचीपर्यंत चढतात. मग वरून चांदीचा क्षार फवारून उन्हात ठेवायचं. जिथं विष तिथं काळपट डाग उमटतो. लातूरचं ऊन या एका कामाला चांगलं.

मी अंगणात पट्टीजवळ बसून होते. तुझ्या मरळीचा डाग एंड्रिनच्या बरोबरीला उमटला. दाट. अहमदपूरच्यापेक्षा दाट.

नेमकं किती, ते आमच्याकडं मोजता येत नाही. मोठ्या प्रयोगशाळेला पाठवावं लागतं आणि ते पाठवणार सरकारी माणसानं सरकारी रीतीनं आणलेला नमुना. कंडक्टरनं आणलेला नाही. सरांनी नांदेडला पत्र टाकलंय, तुझं नाव न घालता. उत्तर नाही.

अव्वा अचानक आली होती. माझ्या साडीला वास आला. तिनं साडी बादलीत भिजत घातली. मग जेवताना म्हणाली, "पाण्याला असा वास येत नसतो, कन्या." मी सगळं सांगितलं. तुझंही. ती ताटावरून उठली, हात धुतला आणि म्हणाली, "त्या पोरीला आत्ताच्या आत्ता लिही." निलंग्याच्या स्थळाचं नाव तिनं काढलं नाही.

तर लिहितेय. कुणीही त्या तळ्यातलं खाऊ नये. कोंडाबाईला सांग. तुला सांगावंच लागेल. आणि 'लोक फवारतात' म्हणून मला टाळू नकोस. कोण ते लिही.

शिवकन्या

---

लातूर
१८ मे १९८६

सरजा,

महिना होत आला, तुझं पत्र नाही. रागावलीस का? बरी आहेस ना? दोन ओळी टाक. नाहीतर भाऊजींना टाकायला सांग.

शिवकन्या

---

बोरवाडी
१ जून १९८६

कन्ये,

रागावले नव्हते. तुझं पत्र पिठाच्या डब्यात लपवून ठेवलं होतं आणि रोज ठरवत होते, आज सांगीन. आता सगळं सांगते.

गाळपेरीचा तो हिरवा तुकडा आमचाच आहे. दुष्काळात भूमिहीनांना तळ्याचा गाळ कसायला दिला, त्यात माझ्या दिराच्या, लिंबाजीच्या नावावर मिळाला. आमच्या घरात आजवर कुणी स्वतःचं म्हणून वावर केलं नव्हतं. सासूबाई पहिल्या दिवशी त्या गाळात नुसत्या अनवाणी चालत राहिल्या होत्या. वांगी लागली तेव्हा लिंबाजीनं पहिलं वांगं मला आणून दिलं. तो फवारायचा आणि पंप तळ्यातच धुवायचा, कारण दुसरं पाणीच नाही. मला तुझ्या दुसऱ्या पत्रापासून मालूम होतं. सांगू कुणाला?

मी त्याला एकदा म्हटलं, "भाऊजी, पंप पाण्यात नका धुऊ." तो हसला. "वहिनी, तळं केवढं आन् पंप केवढा?"

गेल्या पंधरवड्यात अळी लई पडली. लिंबाजीनं दाट फवारलं आणि रिकामा डबाही पाण्यात खंगाळला. पाणी आता गुडघाभर उरलंय. दुसऱ्या दिवशी मासे पालथे होऊन वर आले. लोक टोपल्या घेऊन धावले. ऊन लागलं, मेलेत, असंच सगळ्यांना वाटलं.

मी रेशनच्या दुकानाकडं निघाले होते. गाडीच्या थांब्यावर कोंडाबाई टोपली घेऊन उभी. भोकरचा बाजार होता. टोपलीत पांढरे पडलेले मासे, वर ओलं फडकं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कोंडाबाई, हे इकू नको."

"का? तुला वास येतोय म्हून?"

"हे मासे उन्हानं मेले न्हाईत. इखानं मेलेत."

तेवढ्यात गाडी आली. कंडक्टर घाई करू लागला. तिनं टोपली उचलली, तर मी तिच्या टोपलीला धरलं. आठवा महिना, घामानं भिजलेली, आणि मी टोपली ओढतेय. लोक जमले. लिंबाजी पण तिथंच होता, वांग्याचं पोतं टपावर चढवत.

"कुणाचं इख?" कोंडाबाई ओरडली. "नाव घे की! कुणाचं?"

मी म्हटलं, "आमचंच. आमच्या पंपाचं."

लिंबाजीनं पोतं खाली टाकलं. माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं आता मारतोय. आणि तेवढ्यात भोयवाड्याकडून कस्तुराबाई धावत आली. "कोंडे, चल. तुझा दगडोबा पडलाय, तोंडाला फेस आलाय."

दगडोबा म्हणजे कोंडाबाईचा नवरा. त्यानं सकाळीच त्या माशांचं कालवण खाल्लं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्याला आकडी आली होती, चार माणसांना धरवत नव्हता. कुणी म्हणालं फेफरं, कुणी कांदा आणला. गाडी अजून थांब्यावर होती. लिंबाजीनं दगडोबाला एकट्यानं खांद्यावर घेतलं आणि पळत जाऊन गाडीत टाकलं. त्याच गाडीनं भोकरला नेलं. मीही चढले. कोंडाबाई माझ्याशेजारी बसली होती, पण तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी सांगितलं, मासा, आणि माशात एंड्रिन. त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, तपासलंय. आकडी थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि नांदेडला पाठवलं. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. आता बरा आहे, पण हात थरथरतात.

टोपलीतले मासे आम्ही खड्डा करून पुरले. भोकरात बातमी गेली. बोरवाडीचा मासा आता कुणी घेत नाही. दुसऱ्या तळ्याचा म्हटलं तरी घेत नाही. भोयवाड्यातले सगळे रोजगार हमीवर खडी फोडायला जातात.

गावानं लिंबाजीला गाळातून उठवलं, तोही खडीवर जातो. माझ्याशी बोलत नाही. सासूबाई जेवण वाढतात, पण नजर देत नाहीत. हे मधल्यामध्ये. काल रात्री हे म्हणाले, "तू बरोबरच केलंस." मग कूस बदलून म्हणाले, "पण वावर गेलं."

आणि कन्ये, बाळ हल्ली कमी हलतं. मी मार्चपर्यंत किती खाल्लं असेल? तू सांगितल्यावर सोडलं, पण आधीचं? ते कुठं गेलं असेल?

सरजा

---

लातूर
८ जून १९८६

सरजा,

तुझं पत्र सिद्धराम सरांना दाखवलं. त्यांनी ते घडी घालून परत दिलं आणि त्याच दुपारी रजा टाकून स्वतः नांदेडला गेले. आता तिथून माणसं येतील, सरकारी रीतीनं नमुने घेतील. मासा, गाळ, पाणी, वांगीसुद्धा. सर मलाही पाठवणार होते. पण जिल्हा दुसरा, म्हणून परवानगी मिळाली नाही.

लिंबाजी भाऊजींना सांग, हे फक्त त्यांचं नाही. आमच्या यादीतल्या किती तलावांत हाच डाग निघतोय. त्यांना दुकानदारानं कधी सांगितलं का, की हे पाण्याजवळ नेऊ नका? डब्यावर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात, इंग्रजीत.

बाळाचं. मी पुस्तकं उलथीपालथी केली. एंड्रिन शरीरातून तसं लवकर निघून जातं, डीडीटीसारखं वर्षानुवर्षं राहत नाही. तू मार्चमध्ये सोडलंस हे चांगलं झालं. यापुढं मला माहीत नाही. खोटा धीर देत नाही मी तुला. शेवटच्या महिन्यात जागा अपुरी पडते म्हणूनही बाळ कमी हलतं, असं इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण तू दाखवून ये. उद्याच जा. आणि बाळंतपण घरी नको, भोकरला दवाखान्यात.

अव्वानं ज्वारीचं पीठ आणि गूळ पाठवलाय, कंडक्टरजवळ. या वेळी खरंच सांगितलं त्याला काय आहे ते.

शिवकन्या

---

तार
भोकर, ७ जुलै १९८६

मुलगी झाली. दोघी ठीक. विष दुधात उतरतं म्हणतात. पाजू का. सरजा

---

तार
लातूर, ७ जुलै १९८६

पाज. लगेच पाज. पत्र मागून. शिवकन्या

---

लातूर
७ जुलै १९८६

सरजा,

तारेत 'पाज' लिहिलं आणि पोस्टातून बाहेर येऊन पायरीवर बसले. तू माझ्या एका शब्दावर लेकराला दूध देणार. माझं चुकलं तर?

तुझी तार आल्या आल्या सरांकडं गेले होते. ते म्हणाले, दुधात काही उतरत असेलच. तुझ्याच नाही, सगळ्या आयांच्या. लातूरच्या बाजारातल्या म्हशीच्या दुधातही आम्हाला डीडीटी सापडलंय. मग लेकरानं काय प्यायचं? डब्याचं दूध? त्यात घालायला पाणी लागतं. बोरवाडीत पाणी कुठलं? त्या टँकरचं, जे आम्ही इथं काचसामान धुवायलाही गाळून घेतो. या उन्हाळ्यात इथल्या दवाखान्यात जुलाबानं किती लेकरं आली ते मी बघितलंय. त्यांतली बरीच बाटलीवरची. तुझ्या दुधातल्या भीतीचा मला अंदाज करावा लागतो, त्या पाण्याची भीती मला दिसते. म्हणून पाज.

हे सगळं खरं आहे आणि तरी मला घाबरल्यासारखं होतंय. तुलाही होत असेल. होऊ दे. पण पाज.

मी शनिवारी येतेय. या वेळी कुणाची परवानगी नको, सुट्टीवर येतेय.

शिवकन्या

---

बोरवाडी
१० जुलै १९८६

कन्ये,

तुझं पत्र आज मिळालं. तू शनिवारी येशील तोवर हे पत्र तुला मिळणार नाही. तरी लिहितेय, कारण हात रिकामे राहत नाहीत.

तार दवाखान्यात आली. पोरगी सकाळपासून रडून रडून निळी पडत होती आणि मी छातीला पदर आवळून बसले होते. नर्स रागावली, सासूबाई रागावल्या. सगळ्यांना वाटलं मला वेड लागलं. पोस्टमननं तार दारातच मोठ्यानं वाचली, "पाज, लगेच पाज." पलीकडच्या बाजेवरची बाई हसायला लागली. म्हणाली, "अगं बाई, हे सांगाया सरकारची तार?"

मी पोरीला छातीशी घेतलं. तिला आधी धरताच येईना. मग धरलं. पिताना ती एकदा थबकली तर मी तिच्या नाकाशी बोट नेलं, पण ती नुसता श्वास घेत होती.

संध्याकाळी लिंबाजी आला. माझ्याकडं बघितलं नाही. लेकराच्या बाजेजवळ उभा राहिला. हात खडी फोडून सोलवटलेले, ते त्यानं मागं धरले होते, तिला लागू नयेत म्हणून. मग विचारलं, "पेते का?"

मी म्हटलं, "पेते."

"नीट पेते?"

"नीट पेते, भाऊजी."

तो तिथंच फरशीवर बसला आणि रडला. मी त्याला उठ म्हटलं नाही. पोरगी पीतच होती.

तुझी
सरजा